राखणदाराच्या मिशा

"आजपासून ह्या गावच्या शिवेत एक तर माणूस ऱ्हवतलो, नाय तर वानर," गुरुदासने रवळनाथासमोर हात जोडून, छाती भरून जाहीर केलं. "दोघांतलो कोण, ता तू ठरव. पण आता निकाल दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सभामंडपातली साठ-सत्तर डोकी एका सुरात म्हणाली.

इतकं स्वच्छ गाऱ्हाणं देवाला बऱ्याच वर्षांत कोणी घातलं नव्हतं. गुरवाने देवाच्या दोन्ही खांद्यांवर जास्वंदीची एकेक कळी पाण्याने चिकटवली. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. कौल लावायची ही रीत गावात वीज येण्याच्या कितीतरी आधीची, आणि विजेपेक्षा भरवशाची. मंडळी श्वास रोखून कळ्यांकडे बघत राहिली.

तेवढ्यात गाभाऱ्याच्या झरोक्यातून एक काळा हात आत आला आणि त्याच्यामागून उरलेला वानर. महिन्याभरापूर्वी वरच्या सड्यावरून, कातळाच्या माळावरून, उतरून ज्याने गावातल्या टोळीचा ताबा घेतला तोच हा नवा हुप्प्या. त्याने उजवी कळी काढून खाल्ली. मग पंक्तिप्रपंच नको म्हणून डावीही खाल्ली. नंतर मंडपाकडे एकदा बघून घेतलं आणि झरोक्याचा त्रास परत न घेता मानकऱ्यांच्या दोन रांगांमधून, मानकऱ्यासारखाच, मुख्य दाराने निघून गेला.

"देवान काय सांगल्यान?" मागच्या खांबाला टेकलेल्या पार्वतीआजीने विचारलं. तिला दिसत कमी होतं.

"दोनय खाल्ल्यान," गुरव म्हणाला.

"देवान?"

गुरव देवाचे रिकामे खांदे पुसायला लागला.

गुरुदास खाली मान घालून उभा राहिला. गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याचा, आणि आवाज त्याचा स्वतःचा. नोकरी एसटीत झाली. आधी कंडक्टर, मग कणकवलीच्या स्टँडवर भोंग्यातून गाड्या पुकारणारा कंट्रोलर. दोन्ही कामांची वाक्यं सारखीच लांब असल्याने एकदा गुढीपाडव्याला त्याच्या तोंडून "बा रवळनाथा म्हाराजा, फलाट क्रमांक तीन" असं निघून गेलं होतं. तेव्हाही गाव "व्हय म्हाराजा" म्हणालंच. अशा माणसाला बोलायची सवय असते असा लोकांचा समज होता. घरी तो आणि त्याची बायको शेवंती मिळून दिवसाला वीसेक वाक्यं बोलत, त्यातली बारा माशांबद्दल असत.

"ह्येचा कारण माका म्हायती आसा," सुदेश पुढे येत म्हणाला. सुदेश बांधकामं घेत असे, त्यामुळे गावातल्या कुठल्याही संकटाचं कारण शेवटी सिमेंटच्या अभावात निघे. "देवाक इचारून काय उपेग? शीव राखता कोण? राखणदार. किंजळीखालचो राखणदार आज चाळीस वर्सां उन्हापावसात उघड्यार बसलो हा. तेका छप्पर नाय, चौथरो नाय. तेच्या जाग्यार तुमी असतास तर वानरांका अडवला असतास?"

मंडळींनी क्षणभर स्वतःला त्या जागी ठेवून पाहिलं. अडवलं नसतं असंच बहुतेकांना वाटलं.

"येत्या आयतवारी पायो खणूया," सुदेश म्हणाला. "दोन फूट. मजबूत व्हयो. गुरुदासकाका, तुमी थय गाऱ्हाणा घालूचा, की बा राखणदारा, ह्यो तुजो चौथरो घे आणि ह्या वानरांका, पोराटोरांसकट, शिवेभायर घाल."

"व्हय म्हाराजा," कोणीतरी सवयीने म्हणालं, आणि ठराव मंजूर झाला.

गुरुदास घरी निघाला. वानरं शिवेबाहेर गेली काय आणि राहिली काय, त्याला त्याचं फारसं काही नव्हतं. पण राखणदाराच्या दगडाखाली दोन फूट खणलं तर काय लागेल हे त्या गावात एकट्या गुरुदासला ठाऊक होतं.

तिथे त्याचा मुलगा होता.

*

एकेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलगा अकरा दिवसांचा होऊन गेला. दुसऱ्या दिवशी बारसं होतं, त्यामुळे नाव ठेवायचं राहिलं. इतकं लहान मूल जाळत नाहीत, पुरतात. आणि पुरायला बाया जात नाहीत. गुरुदास आणि त्याचे आजोबा, आबा, दोघेच सड्यावर गेले. किंजळीच्या झाडाखाली मातीचा थर जरा खोल होता, तिथे ठेवलं. कोल्हे उकरतात म्हणून गुरुदासने शेजारच्या बांधावरचा एक चिरा उचलून वर ठेवला. परत आला तेव्हा शेवंती खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि त्याची आई, नर्मदा, तिला सांगत होती, "रडा नको गो. दुसरो होतलो." घरातल्या सगळ्यांनी मग दुसऱ्याची इतकी घाई केली की पहिल्याबद्दल बोलायला सवडच उरली नाही. चौदा महिन्यांनी दीपिका झाली. ती आता वसईला असते, रविवारी फोन करते, आणि आपण पहिली अशीच तिची समजूत आहे.

आबा पुढे वारले. जागा एकट्या गुरुदासकडे राहिली.

आणि मग पार्वतीआजीच्या सासऱ्याची म्हैस हरवली. चार दिवसांनी सापडली ती नेमकी किंजळीखाली, त्या चिऱ्याला अंग घासत निवांत बसलेली. रानात आडबाजूला एक चिरा असा देखणा सपाट कोण ठेवील? म्हातारा समजायचं ते समजला आणि त्याने नारळ फोडला. पुढच्या वर्षी कोणाचा ताप उतरला. त्याच्या पुढच्या वर्षी कोणीतरी तिन्हीसांजेला त्याला प्रत्यक्ष पाहिलं. सहा फूट उंच, खांद्यावर घोंगडी, हातात घुंगरांची काठी आणि झुपकेदार मिशा. एकदा एकाने पाहिल्यावर इतरांनाही दिसायला लागला. अकरा दिवसांच्या पोराला गावाने दहा वर्षांत पुरा बाप्या करून टाकला.

गुरुदासने तेव्हाच सांगायला हवं होतं. पहिल्या नारळाला सांगितलं असतं तर एक नारळ वाया गेला असता, बस. पण तो त्या दिवशी सावंतवाडीच्या गाडीवर ड्यूटीला होता. दहाव्या नारळाला सांगणं अवघड, आणि शंभराव्याला तर गावाची फसवणूक. मग वडील गेले, गाऱ्हाण्याचा मान त्याच्याकडे आला, आणि पहिल्याच वर्षी राखणदाराच्या वार्षिकाला त्याला त्या चिऱ्यासमोर उभं राहावं लागलं. "बा राखणदारा म्हाराजा, ह्या गावच्या लेकराबाळांका सांभाळ," म्हणताना त्याचा आवाज फाटला. लोक एकमेकांकडे बघायला लागले. गाऱ्हाणं घालावं तर गुरुदासने, असं तेव्हापासून झालं.

तीस वर्षं तो दरवर्षी ते म्हणत होता. नारळ शेवंती काढून द्यायची. "राखणदाराचो," म्हणून, हलवून, पाणी वाजवून, त्यातल्या त्यात मोठा.

*

सोमवारपासून परसातल्या फणसावर एक वानरी येऊन बसायला लागली.

तिला तन्वीने "मादी सात" असं नाव दिलं होतं. तन्वी म्हणजे पुण्याहून वानरांचा अभ्यास करायला आलेली मुलगी. गुरुदासच्या घराच्या पुढच्या पडवीतली खोली तिने महिन्याभरासाठी घेतली होती. ती पहाटे दुर्बीण घेऊन निघे आणि दिवसभर कोण कोणाच्या उवा काढतं ते वहीत लिही. शेवंतीला हे काम मनापासून पटलेलं होतं. गावात हेच काम वहीशिवाय करणाऱ्या पुष्कळ होत्या.

मादी सातच्या पोटाशी एक काळं पिल्लू होतं. दोन दिवस ते झोपलंय असं वाटलं. तिसऱ्या दिवशी वाटेनासं झालं. ती एका हाताने त्याला छातीशी धरायची, तीन पायांवर लंगडत फांदी बदलायची, बसली की त्याच्या अंगावरच्या माश्या वारायची आणि केस विंचरल्यासारखे साफ करायची. टोळी पुढे गेली की ही मागे राहायची.

"हुप्प्यान मारल्यान?" शेवंतीने विचारलं. ती पपईच्या झाडाखाली स्टुलावर उभी होती. झाडावर दोन फळं पिकायला आली होती आणि वानरांपासून वाचवायला ती त्यांना गोणपाट बांधत होती.

"हो काकी. गेल्या गुरुवारी. या टोळीतलं हे तिसरं," तन्वी म्हणाली. "नवा नर आला की बहुतेक असंच होतं. पण तो रागाने करत नाही."

"मग काय हौसेन?"

"पिल्लू अंगावर पीत असेपर्यंत आई माजावर येत नाही. पिल्लू गेलं की थोड्या दिवसांत येते. मग तिला पुढचं होतं ते याचं स्वतःचं होतं. याच्या हातात टोळी किती दिवस राहील याचा भरवसा नसतो ना. दोन वर्षांनी कोणी दुसरा येऊन यालाही हाकलणार."

शेवंतीने सुतळीची गाठ मारली. "म्हणजे घाई," ती म्हणाली.

तन्वीने विचार केला. "हो. घाईच म्हणायची."

गुरुदास मागल्या दारात उभा होता. त्याला एकदम पंप बंद केला की नाही ते आठवेना, म्हणून तो बघायला गेला.

त्या दिवसापासून घरातली वीस वाक्यं आठावर आली. मासेवाली दारावरून पुकारत गेली तरी शेवंती उठेना. मागल्या दारच्या पायरीवर बसून ती फणसाकडे बघत राही आणि वर वानरी कुठेच न बघता बसलेली असे. मध्ये अंगण, अंगणात ऊन. गुरुदास पुढल्या दारी पेपर वाची. वाची म्हणजे धरी. मध्येच एकदा परसात जाऊन, पपई पिकली का बघायला, त्याने गोणपाटाची गाठ सैल केली आणि तशीच सोडून परत आला. रविवार आणखी चार दिवसांवर होता, आणखी तीन दिवसांवर होता. सुदेशचा फोन आला, "काका, खडी पडली," आणि गुरुदास "बरा" म्हणाला. इतक्या वर्षांत त्याने हजारो माणसांना त्यांची गाडी कुठे लागलीय ते सांगितलं होतं. एका बाईला एक जागा सांगायची राहिली होती, आणि ती बाई त्याच्याच घरात, दोन खोल्या पलीकडे बसलेली होती.

बुधवारी जेवताना शेवंतीने ताटाकडे बघत विचारलं, "आपला खंय ठेवललास?"

एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

"कढी बरी झाली हा," गुरुदास म्हणाला.

तिने त्याच्या वाटीत आणखी कढी वाढली.

*

शुक्रवारी दुपारी वानरी फणसावरून खाली आली. परसातल्या धुण्याच्या दगडाजवळ थांबली. पिल्लू तिने दगडावर ठेवलं, दोन पावलं गेली, परत आली, उचललं, हुंगलं, पुन्हा ठेवलं. मग विहिरीच्या कठड्यावर चढली. तिथे हुप्प्या ऐसपैस पाय पसरून बसला होता. ती त्याच्यासमोर गेली, पाठ त्याच्याकडे करून उभी राहिली आणि डोकं थरथर हलवायला लागली.

तन्वीने घड्याळ बघून वहीत काहीतरी लिहिलं.

गुरुदास आणि शेवंती मागल्या पायरीवर शेजारी शेजारी होते. पुढे विहिरीच्या कठड्यावर जे झालं ते थोडक्यात झालं. पण चाळीस-बेचाळीस वर्षं संसार केलेल्या नवराबायकोने एकत्र बसून बघण्यासारखं ते नव्हतं. गुरुदास खाकरला. "पंप चालू ऱ्हवलो काय बघतंय."

"पंपाक काय एक झाला नाय हा," शेवंती म्हणाली. "बसा गप."

तो बसला.

"ती त्याला विसरली असेल का गो?" शेवंतीने तन्वीला विचारलं. प्रश्न महत्त्वाचा असला की ती अर्धी शाळेतली मराठी बोले.

"ते मोजता येत नाही, काकी."

"मग काय लिवलंस?"

"तीन वाजून दहा मिनिटं."

शेवंतीने मान हलवली. "बरोबर आसा. तिका तरी काय करूचा होता? थयच बसान ऱ्हवाची?" मग ती उठली, फडताळातून जुन्या लुगड्याचा तुकडा घेऊन आली आणि गुरुदासच्या हातात दिला. "कुत्रे येतले. पुरा तेका."

गुरुदासने कुदळ घेतली. आंब्याच्या मुळाजवळ हातभर खड्डा केला. बाया येत नाहीत ही रीत माणसांच्या बाबतीतली. वानराबद्दल कोणी काही ठरवून ठेवलेलं नव्हतं, त्यामुळे शेवंती शेजारी येऊन उभी राहिली. पिल्लू फडक्यात गुंडाळलं तेव्हा त्याचं वजन वाटीभर तांदळाएवढं भरलं. असं गुंडाळलेलं हलकेपण गुरुदासच्या हातांना ओळखीचं होतं. त्याने माती लोटली, पायाने नाही, हाताने दाबली, आणि काही विचार न करता बांधाकडे जाऊन एक चिरा उचलून आणला. वाकून, सपाट बाजू वर येईल असा, नीट बसवला.

"दगड कित्याक?" शेवंतीने विचारलं.

"कोल्हे उकरतत."

ती त्याच्या हातांकडे बघत होती. "त्या टायमाकय ठेवललास?"

गुरुदास तसाच उकिडवा बसून राहिला. भोंग्यातून बोलणाऱ्या माणसाला समोर तोंड नसतं, त्याची त्याला सवय होती. तो चिऱ्याकडे बघून बोलला.

"ठेवललंय. सड्यार. किंजळीखाली."

फणसावरून एक पान खाली आलं. गावात किंजळी पुष्कळ होत्या, पण जिच्याखाली चिरा आहे अशी एकच होती, आणि तिच्याखालच्या चिऱ्यासाठी तिने स्वतःच्या हाताने तीस नारळ निवडून दिले होते. गुरुदासला तिच्या पावलांचे अंगठे मातीत रुतताना दिसले.

"म्हशीवालो?" ती म्हणाली.

"म्हशीवालो."

"तो राखणदार."

"राखणदार नाय तो," गुरुदास म्हणाला. "तो आपलो आसा. मागसून कोणीच माका इचारूक नाय. मग माका सांगूकच जमाक नाय. आणि आयतवारी ते थय खणतले."

शेवंती वळून घरात गेली. भांडी घासल्याचा आवाज आला. घासलेलीच भांडी ती परत घासत होती. संध्याकाळी तिने दिवा लावला, पेज वाढली, गुरुदाससमोर लोणचं ठेवलं. बोलली नाही. तिचं न बोलणं तो चाळीस वर्षं ऐकत होता. हे वेगळं होतं, आणि त्याच्यात आपल्यासाठी जागा आहे की नाही हे त्याला कळेना.

सकाळी उठला तर ती नेसून तयार होती. हातात नारळ.

"चला," ती म्हणाली.

*

सड्याची चढण तिला गुडघ्यांमुळे जमत नसे. दर वळणावर ती थांबे, गुरुदास चार पावलं पुढे थांबे. काजूंना मोहोर आला होता आणि खाली खाडीपर्यंत सगळं धुक्यात होतं. वर पोचले तर किंजळीखाली सुदेश. त्याच्या हातात दोरी, आणि चिऱ्याभोवती फक्कीने आखलेला पांढरा चौकोन. शेजारी दोन फावडी.

"काकी? तुमी हय?" सुदेश चकित झाला. "गुडगे दुकाक नाय?"

"माका सपान पडला," शेवंती म्हणाली.

सुदेशने दोरी खाली ठेवली. स्वप्न म्हटल्यावर तो बांधकाम थांबवत असे; धंद्यात ते पाळावं लागतं. "कसला?"

"राखणदार इललो."

"कसो होतो?"

शेवंतीने एक क्षण गुरुदासकडे पाहिलं. "उंच. घोंगडी होती. काठी होती."

"मिशी?"

"ही एवढी."

"तोच तो," सुदेश म्हणाला. "काय म्हणालो?"

"म्हणालो, माका छप्पर नको. इतकी वर्सां पाऊस अंगार घेतलंय, छपराखाली माका उकाडतला. आणि चौथरो नको. खाली माजी झोप आसा, फावडो लागलो तर जाग येतली."

"आणि वानरांचा?"

"वानरांचा काय बोलाक नाय."

सुदेश विचारात पडला. खडी येऊन पडली होती. "माका पण दोनदा दिसललो, पण माज्याकडे कदी काय बोलाक नाय."

"तू बोलाक देतस खंय कोणाक?"

सुदेशने दोरी गुंडाळली, फावडी खांद्यावर टाकली. खडीचं काय करायचं ते शाळेजवळच्या रस्त्याखालच्या मोरीत बघू म्हणाला, आणि जाता जाता राखणदाराला दोनदा नमस्कार करून गेला. एक नेहमीचा, एक फक्कीबद्दल.

तो वळणाआड जाईपर्यंत दोघं उभी राहिली. मग शेवंती गुडघ्यावर हात देऊन चिऱ्याजवळ बसली. चिऱ्यावर तेलाचे थर होते, जुन्या वातींची राख, नारळाच्या शेंड्या. तिने शेंड्या एकेक उचलून बाजूला केल्या, पदराने वरची धूळ पुसली. लहान मुलाचं तोंड पुसतात तसं नाही; तशी सवय तिला इथे लागलेलीच नव्हती. मेज पुसतात तसं पुसलं.

"दीपिका झाल्यावर मी हय एकदा इललंय," ती म्हणाली. "तुमच्या आवशीन पाठयल्यान. राखणदाराक सांग म्हणाली, पोरगी झाली, आता माका एक झिल दी." थोड्या वेळाने म्हणाली, "तो तरी काय करतलो."

गुरुदासने दूर बघितलं. काजूच्या रांगेपलीकडे टोळी बसली होती. मादी सात त्यांच्यात होती की नाही ते इतक्या लांबून ओळखता येत नव्हतं. त्यासाठी तन्वीची दुर्बीण लागते.

"गाऱ्हाणा घालू?" त्याने विचारलं. दुसरं काय करता येतं ते त्याला आठवेना.

"नको. तुमी तीस वर्सां घातलात," शेवंती म्हणाली. "आज मी घालतंय. तुमी हुंकार द्या."

बाईने गाऱ्हाणं घालायची रीत नाही. पण रीत सांगायला तिथे गुरुदासशिवाय कोणी नव्हतं, आणि त्याला ती सांगावीशी वाटली नाही. त्याने नारळ चिऱ्यावर फोडला, एक कवड ठेवली, दुसरी हातात धरली. टोपी काढली. शेवंतीने हात जोडले.

"बा म्हाराजा," ती म्हणाली आणि थांबली. नाव घ्यायची जागा आली होती, आणि नाव नव्हतं. ती तशीच पुढे गेली. "तुका आवस कोण, बापूस कोण, ता आजपातूर कोणीच सांगूक नाय."

"व्हय म्हाराजा," गुरुदास म्हणाला. साठ-सत्तर माणसांनी मिळून म्हणायचं ते एकट्याने म्हटलं की किती बारीक होतं ते त्याला पहिल्यांदा ऐकू आलं.

"ह्यो गाव तू राखलस. म्हशी राखलस, दुसऱ्यांची पोरां राखलस. पावसात उभो ऱ्हवलस."

"व्हय म्हाराजा."

"आमी तुका कदी बघूक इलाव नाय. वरसाक एक नारळ धाडलाव."

ह्याला हुंकार आला नाही. शेवंतीने वाट पाहिली. गुरुदासचे ओठ हलले, पण आवाज तिसऱ्या फलाटावरून गेलेल्या गाडीसारखा गेलेला होता. तिने मान वळवली नाही.

वारा आला, किंजळीची पानं वाजली. काजूच्या रांगेतली टोळी उठली आणि एकामागून एक, शेपट्या वर करून, उतारावरून खाली गावाकडे, घराच्या दिशेने निघाली. शेवंतीने त्यांना जाताना पाहिलं. मग ती चिऱ्याकडे जरा वाकली आणि गाऱ्हाण्याचा सूर सोडून, दारातून बाहेर निघालेल्या मुलाला मागून सांगावं तशी म्हणाली,

"आणि ऐकलंस रे? घरामागच्या पपईर जरा नजर ठेव. दोन पिकाक इलेत, आणि तुज्या बापाशीन सैल केलेली गाठ मी परत बांधूक नाय."